परंड्याची सात दिवसांची थंडी

हसायचं असेल तर आधी चहा संपवा. गेल्या वेळी हे ऐकताना शेजारच्या बाईंना ठसका लागला आणि त्याचंही खापर माझ्यावरच फुटलं!

माझा धाकटा भाऊ दत्ता पुण्याला हवामानाच्या संशोधनात. हवा कधी तापते, कधी निवते, का निवते, यावरच त्याचं पोट. नवानवा लागला होता तेव्हा एका उन्हाळ्यात तो बैलगाडीत पांढरी लाकडी पेटी घालून आमच्या परंड्याला आला. पेटीला चार उंच पाय, झडपांच्या भिंती, आत तापमापक. ठेवली आमच्या परसात.

"अक्का, रोज दुपारी आकडा बघायचा अन् मला कळवायचा. तू मॅट्रिक झालेली. तुझ्यासारखं इमानदार माणूस कुठं मिळणार?"

"एवढंच?"

"काचेला हात लावायचा न्हाय. दार उघडं ठेवायचं न्हाय."

ऐकलंत ना? एवढंच म्हणाला. मडकं ठेवू नको, असं म्हणाला का? नाही ना म्हणाला!

आणि ती पेटी तुम्ही बघायला हवी होती हो! आत गार सावली, चारी बाजूंनी वारा, मांजराची शिरायची टाप नाही. इकडं माझ्या स्वयंपाकघरात सकाळचं ताक दुपारपर्यंत आंबून जायचं. बाजारच्या दिवशी सासरची माणसं बाजार उरकून, घामाघूम होऊन आमच्याकडं टेकायची. मोठ्या वन्सं तर एक घोट घेऊन म्हणायच्या, "वहिनी, चिंचेचं सार केलंत व्हय?"

मग काय करणार? बाजारच्या दिवशी सकाळीच ओलं फडकं गुंडाळलेलं मडकं पेटीत! काचेला हात लावला नाही. दार घट्ट लावलं. दुपारी आकडा पाहिला, जसाच्या तसा लिहिला, मगच मडकं काढलं. वन्सं तांब्या तांब्या ताक पिऊ लागल्या.

दीडेक महिन्यानं दत्ता स्वतःच धावत आला. "अक्का, परंड्याची हवा जगावेगळी हाय! दर सात दिवसांनी निवते. असं चक्र कुणाला सापडलं न्हाय. साहेब स्वतः बघायला येणार. त्यांना पटलं तर माझी नोकरी कायम!"

मी देवापुढं साखर ठेवली. आमचे हे मात्र खाटेवरून पुटपुटले, "आठवडा माणसांनी केलाय. हवेला काय ठाऊक, आज कोणता वार?"

"तुम्हाला माझ्या भावाचं कौतुकच नाही!" म्हणून मी यांच्याशी बोलणंच टाकलं. बघा, शहाणं माणूस घरातच बसलं होतं!

साहेब आले ते नेमके थंडीच्या दिवशी. म्हणजे बाजारच्या. पुण्याचे पाहुणे म्हणून मी मोठं मडकं ठेवलं होतं. मोटार उशिरा आली, तोवर आकडा लिहून झाला होता. कधी नव्हे इतका खाली!

साहेब घाम पुसत म्हणाले, "दत्तोपंत, ही तुमची थंडी? अंग भाजतंय माझं!"

"साहेब, अक्काचा आकडा चुकायचा न्हाय," दत्ता म्हणाला.

मी लगबगीनं पेले पुढं केले. साहेबांनी घोट घेतला आणि डोळेच मिटले. "वा! बाई, असल्या उन्हात ताक इतकं गार कसं?"

आता तरी गप्प बसावं की नाही? पण छे! मी पदर सावरून म्हणाले, "अहो, तुमच्याच पेटीची कृपा!"

दत्ताचा पेला ओठाशीच राहिला. "अक्का... कधीपासून?"

"रोज नाही रे बाबा! फक्त बाजारच्या दिवशी."

आमचे हे एकदम परसातल्या लिंबाच्या शेंड्याकडं बघायला लागले. साहेबांनी पेला रिकामा केला, पुन्हा पुढं धरला आणि म्हणाले, "दत्तोपंत, चक्र खरं आहे. फक्त ते हवेचं नाही, ताकाचं आहे."

साहेब भले, म्हणून नोकरी वाचली. पण दत्ताला त्यांनी परसातून उचललं आणि गणिताला बसवलं. पुढं त्यानं त्यातच नाव काढलं. आता म्हणे मोठ्या यंत्रात आकड्यांचीच हवा तयार करतो आणि ती कशी वागते ते बघतो.

परवा आला होता. कौतुकानं सांगत होता, "अक्का, यंत्र तापू नये म्हणून ती खोली रात्रंदिवस गार ठेवावी लागते."

माझ्या तोंडून निघूनच गेलं, "किती गार?"

दत्ता ताडकन उठला. "त्या खोलीला कुलूप असतं, अक्का!"