दोन नावाड्यांचा खेळ

माझा धाकटा दीर गेला तेव्हा आमच्या लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. कोलशेतच्या ऑफिसातून बाइकने कल्याणला परत येत होता. शीळफाट्याच्या अलीकडे एका ट्रेलरने त्याला उडवलं. सासरे पूर्वीच गेलेले. घरात सासूबाई, नवरा आणि मी, असे तिघंच उरलो.

नवरा सकाळी निघायचा तो रात्रीच उगवायचा. माझं काम घरूनच चालायचं, त्यामुळे दिवसभर मी आणि आई, म्हणजे सासूबाई. आमचं भांडण कधीच नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. चहा ठेवू का, गोळी घेतलीत का, कुकरच्या किती शिट्ट्या करू, एवढंच. धाकट्याचा विषय कुणी काढायचा नाही, हे न ठरवताच ठरलं होतं. तसा नियम माझ्या नवऱ्याने स्वतःला घालून घेतला आणि आम्ही दोघी त्याच्यामागून गेलो.

मग बिल्डिंग पाडायची ठरली. भाड्याच्या घरात जायचं म्हणून नवरा एका रविवारी माळा रिकामा करायला चढला आणि एक खोका खाली दिला. आत जुना टीव्ही गेम होता, पिवळट पडलेला. दोन रिमोट आणि एक कॅसेट. कॅसेटवर लाल गाडीचं चित्र होतं आणि आत गाडीबिडी काही नसणार, हे मला बघताक्षणी कळलं. डोंबिवलीला आमच्या शेजाऱ्यांकडे हीच कॅसेट होती. मे महिन्याच्या सुट्टीत मी आणि त्यांची मुलगी दिवसचे दिवस तो खेळ खेळलेलो. एका होडीत दोन नावाडी, एक लाल टोपीचा, एक निळ्या. लाल वल्हं मारणार, निळा बांबूने समोरचे खडक आणि ओंडके बाजूला सारणार. दोघांचं जमलं नाही की होडी जागच्या जागी गरगर फिरायची. मला त्याच्याइतका कुठलाच खेळ आवडला नाही. शेवटपर्यंत मात्र आम्ही कधी पोचलो नाही.

"भंगारवाला उद्या येतोय, त्याच्यात टाक," नवरा वरून म्हणाला.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "ते नको टाकूस," म्हणाल्या आणि खोका उचलून आपल्या खोलीत घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या माझ्या टेबलापाशी आल्या. लॅपटॉप चालू असताना त्या सहसा येत नसत. "तो चालू होईल का गं?"

अडॅप्टर मेलेला होता. संध्याकाळी मी स्टेशनजवळून दुसरा आणला. पिना टीव्हीच्या मागे बसल्या, आणि आधी नुसत्या मुंग्या, मग ती नदी दिसली. आई पलंगाच्या कडेवर बसल्या होत्या.

"लाल तो घ्यायचा," त्या म्हणाल्या. "निळा थोरल्याचा. थोरला क्लासला गेला की हा एकटाच. एक रिमोट हातात धरायचा आणि दुसरा जमिनीवर ठेवून अंगठ्याने दाबायचा, पायाच्या. मला म्हणायचा, आई, तू नुसता धर ना. मी म्हणायचे, गॅसवर भाजी आहे."

मी निळा रिमोट त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी, ताट धरावं तसा धरला.

त्यांच्या बोटांचे सांधे सुजायचे. सुरुवातीला पहिल्याच वळणावर आम्ही बुडायचो. या खेळात कुठवर आलो ते जपून ठेवायची सोय नव्हती. बंद केला की दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. माझी जेवणाची सुट्टी झाली की आम्ही पटापट जेवून बसायचो. हळूहळू त्यांना यायला लागलं. "थांब, थांब, ओंडका येतोय," असं त्या मला सांगायला लागल्या.

आणि त्या बोलायला लागल्या. टीव्हीवरची नजर न हलवता. लहानपणी तो सुसरीच्या टप्प्यावर डोळे मिटून घ्यायचा, त्यामुळे शेवटपर्यंत कधी पोचलाच नाही. दहावीला नापास होईल म्हणून घाबरला आणि पास झाल्यावर जास्त रडला. अपघात झाला त्या दिवशी सकाळी डबा राहिला म्हणून अर्ध्या जिन्यातून परत आलेला. "मी त्याला रागावले," त्या म्हणाल्या. "सकाळी सकाळी परत फिरलास म्हणून." होडी तेवढ्यात खडकावर आपटली.

एकदा नवरा लवकर घरी आला. दार त्याच्या चावीने उघडलं, त्यामुळे आम्हाला कळलं नाही. तो मागे उभा राहून किती वेळ बघत होता कोण जाणे. "हे काय चाललंय?" त्याने विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

"ये, बस," आई म्हणाल्या. "तुझाच निळा आहे."

तो बसला नाही. बूट न काढता आत गेला. नंतर मला म्हणाला, "खेळा. फक्त आवाज बंद ठेवा. ती धून मला सहन होत नाही." आम्ही त्या दिवसापासून आवाज बंद करून खेळलो. रिमोटच्या बटणांची टकटक आणि खालच्या मजल्यावरचं सामान हलवल्याचे आवाज, एवढंच ऐकू यायचं. बिल्डिंग रिकामी होत चालली होती.

एका दुपारी आम्ही संपूर्ण नदी पार केली. कशी, ते मलाही सांगता येणार नाही. शेवटचा भोवरा मागे पडला आणि होडी आपोआप समुद्रात गेली. लांबवर एक बेट दिसत होतं. होडी त्याच्याजवळ पोचायच्या आत थांबली आणि मोडक्या इंग्रजीत एक ओळ आली.

"काय लिहिलंय?" आईंनी विचारलं.

"प्रवास पुढे चालू राहील."

"म्हणजे अजून आहे?"

"पुढचा भाग असेल."

"मग बघ ना मिळतो का." एवढी घाई मी त्यांच्या आवाजात कधी ऐकली नव्हती.

मी शोधायला बसले. आधी खेळाचं खरं नावच माहीत नव्हतं, ते चित्रांवरून हुडकलं. मग परदेशातल्या लोकांचं एक पान सापडलं. लहानपणी जिवापाड आवडलेले आणि पुढचा भाग कधीच न आलेले खेळ, असा विषय. शेकडो लोकांनी आपापल्या खेळांबद्दल लिहिलं होतं. आमच्या खेळाचा उल्लेख पार तळाशी होता, एकाच माणसाचा. त्याला कुणीतरी उत्तर दिलं होतं, की बनवणारी कंपनी लगेच बंद पडली, दुसऱ्या भागाला कुणी हातही लावला नाही.

खोटं सांगावं असं मनात आलं. पण त्या दारातच उभ्या होत्या आणि त्यांनी माझा चेहरा बघितला होता.

"नाही निघाला," मी म्हणाले. "कंपनीच बंद पडली."

"मग ते दोघं तिथेच?"

"तिथेच."

"त्याला माहीत होतं का गं?"

"नसेल. तो शेवटपर्यंत पोचलाच नव्हता ना."

"बरं झालं," आई म्हणाल्या. "वाट बघत बसला असता."

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर मी टीव्ही लावला. त्या उठून आपल्या खोलीत गेल्या. "आता नको," एवढंच म्हणाल्या. मी चार दिवस रोज विचारलं. मग विचारणं सोडलं. आमचं बोलणं पुन्हा चहावर आणि गोळ्यांवर आलं. फरक इतकाच, की आधी त्या गप्प असायच्या तेव्हा मला काही वाटायचं नाही. आता त्यांच्या बंद दाराकडे बघून कामात लक्ष लागेना.

घर सोडायच्या आठवड्यात त्यांनी सांगितलं, की नव्या जागेत त्या येणार नाहीत. गावी भावाकडे राहतील. नवऱ्याने फार आग्रह केला नाही. मी केला, तर म्हणाल्या, "तुम्ही दोघं राहा. मला इथे करण्यासारखं काही नाही." भाऊ स्वतः न्यायला आला होता. जिना उतरताना त्यांनी माझ्या दंडाला धरलं होतं, पण ते गुडघ्यांमुळे.

दर रविवारी आम्ही फोन करतो. त्या भाताचं सांगतात, गावात दवाखाना नाही ते सांगतात, वीज किती तास नव्हती ते सांगतात. नवरा हो हो म्हणत ऐकतो आणि फोन माझ्याकडे देतो. मीही थोडं बोलते. धाकट्याचं नाव त्यांच्याकडून पुन्हा कधी निघालं नाही, आणि मलाही ते काढायचा धीर झालेला नाही.