तोंड झाकलं की आम्ही बहिरे

मंडळी, आज आपल्या पांडेसऱ्याच्या मंडळाच्या फळ्यावर सुविचाराऐवजी माझा अनुभव वाचा.

पुन्हा प्लेगसारखी साथ आली तर दवाखाना किती तयार आहे, याची सकाळी तपासणी होती. मी खोटा पेशंट झालो.

गेटवरच्या नर्सबाई तोंडाला फडकं बांधून काहीतरी विचारत होत्या. मला काही कळेना. वीस वर्षं कापडाच्या लूमच्या खडखडाटात गेली. आपण ऐकतो कुठे, समोरच्याचे ओठ बघतो. शेवटी मी सरळ त्यांचं फडकंच खाली ओढलं. सगळे ओरडले!

तेवढ्यात झाडूवाल्या मावशी पुढे आल्या. त्यांचे यजमानही लूमवरच कामाला. आपण लूमच्या खात्यात करतो तशाच खुणा करत त्यांनी ताप विचारला, खोकला विचारला, किती दिवसांपासून तेही बोटांवर विचारलं. मी फटाफट खुणेनंच उत्तरं दिली.

मग मी नर्सबाईंची माफी मागायला गेलो. तिथले डॉक्टर स्वतःचं फडकं सोडून हसत म्हणाले, "काका, परीक्षा आमची होती. नापास आम्ही झालो."

निघालो तेव्हा नर्सबाई मावशींकडून खुणा शिकत होत्या. फार बरं वाटलं.

आता खरं सांगा, मागच्या साथीत तोंड झाकलेल्या डॉक्टरसमोर तुमच्यापैकी किती जणांनी काही न कळताच मान हलवली होती?