जार पुरली ती दुपार

आमच्या घरात देवांच्या फोटोंपेक्षा पत्रकं जास्त. वडील यंत्रमाग कामगार. सुटीच्या दिवशी कारखान्यांच्या दारात, मालक काय दडवतात ते सांगणारी पत्रकं वाटायचे, उरलेल्यांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली. दडवलेली माहिती मला चोरीच्या मालासारखी दिसते ती तेव्हापासून. त्या साहेबाविषयी मी गोड बोलेन अशी अपेक्षा कुणी ठेवू नये.

साहेब गुरांच्या रोगांवर संशोधन करायचा. विषय, सांसर्गिक गर्भपात. या रोगानं गाय दिवस भरायच्या आत गाभडते. वासरामागून पडणारी जार उघड्या हातानं काढणाऱ्या, कच्चं दूध पिणाऱ्या माणसालाही तो लागतो. ताप येत-जात राहतो, सांधे धरतात. पोटुशी बाई असली तर पोटातल्या जिवालाही धोका.

मी त्याच्या प्रकल्पावर नमुने गोळा करायला होते. वळसंगला माझी मावशी, म्हणून ते गाव माझ्याकडं. लोकांनी माझ्या तोंडाकडं बघून गुरं धरली. "आपल्याच पोरीचं काम हाय, घ्या की रक्त."

चाचणी साधी. रक्तावरचं पाणी आणि गुलाबी औषध, थेंबाला थेंब. रोग नसेल तर मिश्रण एकसारखं राहतं, असेल तर दुधासारखं फाटतं. मावशीच्या गाभण गाईचं फाटलं. दुसऱ्या चाचणीतही तेच आलं.

मावशीची सून, माझी वहिनी, पोटुशी होती. आणि त्या घरात अडकलेली जार काढायचं काम तिचं, कारण तिचे हात बारीक.

"आजच गावात सांगूया," मी साहेबाला म्हटलं.

"एक शब्द नाही. आधी निबंध छापून येऊ दे. आत्ता कळलं तर लोक उद्याच गुरं बाजारात नेतील, रोग तालुकाभर होईल."

शेवटचं खरं होतं. खऱ्या गोष्टीचं त्यानं कुलूप केलं होतं, म्हणून चीड जास्त.

"मग विकू नका, हेही सांगूया."

"मॅडम, तुम्ही संशोधन करता की पत्रकं काढता?"

मी रबरी हातमोजे पिशवीत घातले आणि वळसंगची एसटी धरली.

मावशीचा नवरा, माझा काका, ऐकून हसला. "आमच्या आईनं जनमभर उघड्या हातानं जार काढली. काय झालं तिला?"

"ताप येत हुता की," मावशी म्हणाली. "गुडगं धरून बसायची. तुमी म्हनायचा, सोंग करतीया."

"मंग उद्याच बाजार दाखवतो गाईला."

"आनि ज्याच्या गळ्यात बांधशिला त्याच्या घरात सून न्हाय व्हय?"

काकानं बाजाराचं नाव सोडलं. गाय राहिली.

त्याच आठवड्यात ती गाभडली. मावशीचा फोन आला तशी मी निघाले. पोचले तेव्हा वहिनी सवयीनं पदर खोचून गोठ्याकडं निघाली होती आणि मावशी दारात आडवी. "गोठ्यात पाऊल टाकलंस तर माजं मेलेलं तोंड बघशील."

वासरू मेलेलं होतं. दुपारी जार पडली. मावशीनं आणि मी हातमोजे घालून दोन्ही खोल पुरली, वर चुना टाकला. मग भांडण पेटलं. आमच्याकडं जार कडब्यात बांधून वडाला टांगतात. वडाला जसा चीक, तसं गाईला दूध, ही समजूत. वडाखाली कुत्री वाट बघत बसतात, ते कुणी बघत नाही.

"दूध आटंल," काका ओरडला.

"वासरू गेलं, दुधाचं काय घेऊन बसलात?" मी म्हटलं.

"तुला काय कळतंय? पिशवी फोडून दूध पिनारी तू!"

शेवटी त्यानं नुसत्याच कडब्याची पेंडी बांधली आणि वडाला टांगून आला. मला त्याचाही राग आला.

गाय गाभडल्याचं कळलं तशी संध्याकाळी साहेबाची गाडी आली.

"जार कुठं आहे? नमुना हवा."

काकानं उलट विचारलं, "सायेब, तुमास्नी कवापासनं ठावं हुतं?"

"तो वेगळा विषय आहे. जार?"

काकानं वडाकडं बोट केलं. साहेबाचा माणूस वर चढला. हातात मोजे, तोंडाला पट्टी. स्वतःची काळजी कशी घ्यायची ते त्यांना पाठ होतं. पेंडी सोडली, आत कडबा. साहेबानं माझ्याकडं बघितलं.

"जार पुरलीय, जागा दाखवते," मी म्हटलं. "दडवणं आम्हाला जमत नाही. पण आधी या घरातल्या माणसांचं रक्त तपासा. निकाल आधी त्यांना, मग तुमच्या निबंधाला."

"माणसं आमच्या प्रकल्पात बसत नाहीत."

काका फावडं घेऊन खड्ड्यावर जाऊन उभा राहिला. "मंग ह्यो खड्डाबी बसत न्हाय."

साहेबानं बराच वेळ फोनवर घालवला. सकाळी तीच गाडी घरच्यांना सोलापूरला दवाखान्यात न्यायला आली. काकानं वहिनीला पुढं बसवलं, साहेब मागं नमुन्यांच्या डब्यांना धरून.

वहिनीच्या रक्तात काही निघालं नाही. मावशीच्या निघालं, बहुधा कैक वर्षांपासूनचं; तिचेही गुडघे तेव्हापासून धरायचे. औषधाच्या गोळ्या हातात घेऊन ती म्हणाली, "बरं झालं बाई, दुखन्याचं नाव तरी कळलं."

मला तसं समजुतीनं बोलता येत नाही. पुढच्या रविवारी मी या रोगाची माहिती छापलेली पत्रकं घेऊन त्याच वडाखाली उभी राहिले.