सांगायच्या ताटातली चिठ्ठी

माझी मुलगी एका कंपनीत कॉम्प्युटरची सिस्टीम बनवायच्या कामाला आहे. शाळांसाठी आणि छोट्या दुकानांसाठी, मराठीतली. मशीनच्या आत काही बिघडलं तर ते माणसाला पडद्यावर सांगायचं, की सिस्टीमनं गुपचूप सावरून घ्यायचं, हे ठरवायचं काम मागच्या उन्हाळ्यात तिच्याकडं आलं. बजाजनगरात आमच्या दोन खोल्या. आतल्या खोलीत बसून ती हे काम करायची.

एक दिवस मी तुरीची डाळ निवडत होते. तिनं कागदाच्या चिठ्ठ्या आणल्या, प्रत्येकीवर एक बिघाड लिहिलेला, आणि माझ्यापुढं दोन ताटं ठेवली.

"आई, सांगायचं ते या ताटात, नाय सांगायचं ते त्या ताटात."

"मला चौथी शिकलेलीला काय कळतंय त्यातलं?"

"म्हणून तर तुला बसवलं. आमच्या साहेबाला लईच कळतं."

मला हसू आलं. चार माणसांत माझा आवाज फुटत नाही, पण घरात डाळ निवडल्यासारखं हे निवडायला काय हरकत होती? पंखा बंद पडला, सांगायचं. प्रिंटरचा कागद संपला, सांगायचं. मग एक चिठ्ठी आली: डिस्कचा तुकडा वाचता आला नाही, पुन्हा पुन्हा वाचून काम झालं.

"डिस्क म्हणजे?"

"सगळं साठवून ठेवते ती. आपल्या धान्याच्या कोठीसारखी."

"काम झालं ना पण?"

"झालं."

"मग कशाला सांगायचं? माणूस उगाच घाबरंल."

ती म्हणाली, "व्हय, आणि रोज असलं दिसलं तर लोक न वाचताच बंद करतेत." चिठ्ठी नाही-सांगायच्या ताटात गेली. तशी सिस्टीम तयार झाली आणि तपासून बघायला तिनं ती आमच्या घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर टाकली.

त्या कॉम्प्युटरमध्ये माझ्या मालकांचा, मुलीच्या वडिलांचा, आवाज होता. ते वाळूजला कामाला होते. मला वाचायला वेळ लागतो, म्हणून मोबाईलवर लिहून कधी पाठवायचे नाहीत, बोलून पाठवायचे. कंपनीच्या गेटवरून, मागं गाड्यांचा गोंगाट. "निघालो. मेथी आणू का?" "पोरगी आली का घरी?" "उशीर होईल, जेवून घे, नाहीतर बसशील वाट बघत." ते गेल्यावर मुलीनं ते सगळे निरोप कॉम्प्युटरवर घेतले होते. पुढं मोबाईलही फुटला.

मुलगी आत कानाला हेडफोन लावून कामाला बसली की मी रोज दुपारी बाहेरच्या खोलीत ते ऐकायचे. आवाज अगदी बारीक ठेवून. तिला ठाऊक नव्हतं.

दिवाळीच्या आधी मेथीचा निरोप अडकायला लागला. "निघालो. मे" आणि गप्प. मी श्वास धरून बसायचे. मग पुढचं यायचं. दिवसागणिक जास्त वेळ लागायचा. मी मुलीला बोलले नाही. बोलले असते तर आई रोज हेच करते हे तिला कळलं असतं आणि पोर आतून तुटली असती. शिवाय आवाज येत होता ना. काम होत होतं.

एका दुपारी कॉम्प्युटर चालूच होईना. आत टक टक वाजायला लागलं. मी बटण दाबलं, बंद केलं, पुन्हा दाबलं. किती वेळा, देव जाणे. मुलगी धावत आली.

"आई, दाबू नको! आणखी खरवडतंय ते!"

"दुसरीकडं ठेवलेत ना गं ते निरोप?"

ती खालीच बसली. "दोनदा ठेवलेत आई. पण दोन्ही याच डिस्कवर."

डिस्क टॉवेलात गुंडाळून, मांडीवर घेऊन आम्ही रिक्षानं शहरात दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदारानं ती तारेला जोडून कानाला लावली.

"मावशी, कधीपासून अडकत होती?"

"अडकत नव्हती," मुलगी म्हणाली. "आजच गेली."

"ऐसे एकदम नहीं मरती, ताई. पहले इशारा देती है."

दुकानात आणखी तीन-चार गिऱ्हाईकं होती. मी जमिनीकडं बघत म्हणाले, "महिना झाला. मेथीपाशी अडकायची."

मुलीनं माझ्याकडं बघितलं. ती नजर अजून डोळ्यांपुढून जात नाही.

"तवाच आणायची ना, मावशी," तो म्हणाला. "सगळं उतरवून दिलं असतं."

त्यानं डिस्क पुण्याला मोठ्या दुरुस्तीवाल्याकडं पाठवली. काहीच न निघता तशीच परत आली. सोबत एक कागद होता, तो मुलीनं मला वाचून दाखवला नाही. इतकंच म्हणाली, "सिस्टीमला रोज कळत होतं, आई. आपणच तिला गप्प बसवलं." आपणच म्हणाली. तूच म्हणाली असती तर बरं झालं असतं.

काय सांगायचं, काय नाही याची पक्की यादी कंपनीला पाठवायच्या आदल्या दिवशी मी तीच चिठ्ठी उचलून सांगायच्या ताटात ठेवली.

"मग रोज भीती घालू का लोकांना?" मुलगी म्हणाली.

"रोज नको. पहिल्यांदा अडकलं की सांग. आणि नुसतं बिघडलं म्हणू नको, काय करायचं तेही सांग."

"काय लिहू?"

"डिस्क खराब होत चालली आहे. जे परत मिळणार नाही ते आजच दुसऱ्या डिस्कवर घ्या."

तिनं तसंच लिहिलं. साहेबांनी 'जे परत मिळणार नाही ते' काढून 'महत्त्वाच्या फायली' केलं. ती भांडली नाही. मेथीचा निरोप कोण महत्त्वाची फाईल म्हणून उतरवून ठेवील?

आता कॉम्प्युटरमध्ये नवी डिस्क आहे, रिकामी. दुपारी मी ही वही घेऊन बसते आणि ते काय काय बोलायचे ते आठवून लिहिते. 'निघालो' पक्कं आहे. वर मी 'मेथी आणू का' लिहिलं आहे, पण 'मेथी घेऊ का' असंही असेल. दोन्ही म्हणून बघते. दोन्ही माझ्याच आवाजात ऐकू येतात.