वर्गातला अंतरपाट

हे मी आईला सांगितलं नाही, नवऱ्याला नाही. देवळात हात जोडतानाही या विषयाला बगलच दिली. आज तुम्हाला सांगते आहे — का, ते माझं मलाच नीट कळत नाही.

पिपरी मेघे गावातल्या एका छोट्या इंग्रजी शाळेत मी पाचवी 'अ' शिकवायचे. 'ब' तुकडी छायाबाईंची. दोघींचीही नेमणूक वर्षावर्षाची, आणि कायमची जागा निघणार होती एकच. त्यांना तिची गरज माझ्याहून जास्त — नवरा अपघातात गेलेला, पदरी लहान मुलगी. मला हे माहीत नव्हतं का? होतं.

इंग्रजीतल्या पुल्लिंगी-स्त्रीलिंगी जोड्या मी कशा शिकवायचे? फळ्यावर दोन रकाने — किंग-क्वीन, हॉर्स-मेअर, फॉक्स-व्हिक्सन — आणि घरून लिहून आणा. पोरं जांभया देत लिहायची आणि परीक्षेत फॉक्सच्या बायकोला फॉक्सी करून टाकायची.

छायाबाई मात्र लग्नं लावायच्या! मुलांच्या गळ्यात शब्दांचे पुठ्ठे, मध्ये जुन्या ओढणीचा अंतरपाट. अलीकडे बुल उभा. पलीकडे कोण असायला हवी, ते सगळ्या वर्गाने मंगलाष्टकाच्या चालीत गाऊन सांगायचं. बरोबर आलं की ओढणी खाली आणि पिवळ्या ज्वारीच्या अक्षता. माझी पोरं भिंतीला कान लावून बसायची, आणि खरं सांगू — मीही.

एकदा ब्रदर-सिस्टरची पाळी आली तर एक पोरगी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मॅडम, भाऊ-बहिणीचं लगन कोणी लावते का?"

छायाबाईंनी तिच्याच वेणीची रिबीन सोडून तिच्या हातात दिली आणि म्हणाल्या, राखी बांध. काय बाई होती! मला हे सात जन्मांत सुचलं नसतं.

मग आलं विडो-विडोअर, म्हणजे विधवा-विधुर. विडोचा पुठ्ठा एकही मुलगी गळ्यात घालेना. दहा-अकरा वर्षांच्या मुली, पण घरचं सगळं त्यांच्या अंगात मुरलेलं. छायाबाईंनी तो पुठ्ठा स्वतःच्या गळ्यात घातला. समोर विडोअर म्हणून खुर्ची ठेवली आणि ओढणीमागे उभ्या राहिल्या — हसत. अक्षता पडल्या. पुढच्या खेपेला त्याच पुठ्ठ्यासाठी मुलींमध्ये ओढाओढ झाली. मी दारातून पाहत होते. माझे डोळे भरून आले, अगदी मनापासून. आणि त्याच वेळी पोटात जळत होतं, तेही तितकंच मनापासून.

त्याच आठवड्यात संस्थेच्या सचिवांकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. छायाबाईंना बोलावणं नव्हतं, कसं असणार? वाण घेताना मी सचिवांच्या बायकोला हळूच म्हटलं, की आमच्या छायाबाई वर्गात पोरांची लग्नं लावतात — आणि परवा तर स्वतःच उभ्या राहिल्या. एवढंच. त्यात खोटं काय होतं? राखीचं नाही सांगितलं, खुर्चीचंही नाही. आवाजात थोडी काळजी घातली होती, ती मात्र विचार करून.

उन्हाळ्यात त्यांची नेमणूक पुढच्या वर्षासाठी वाढवली नाही. कारण त्यांना कुणी सांगितलं नाही. जागा मला मिळाली. शेवटच्या दिवशी मी त्यांच्या गळ्यात पडून रडले, आणि त्यांनीच माझी समजूत काढली. पुठ्ठे, ओढणी, सगळं माझ्या हातात दिलं.

"हे तुमच्यापाशी ठेवा. पोरायले लय आवडते."

आता मी तसंच शिकवते. पालक म्हणतात, मॅडम, तुमचं डोकं काय चालतं! मी हसते.

मागच्या महिन्यात सेवाग्रामच्या रस्त्यावर छायाबाई भेटल्या. घरीच शिकवण्या घेतात. अजून तशाच, ताठ आणि हसऱ्या. सोबत मुलगी होती, आता कॉलेजात जाणारी. तिला पुढे करून त्या म्हणाल्या, "त्या शाळेत माह्यासाठी रडणाऱ्या ह्या एकट्याच होत्या वो. पाया पड बेटा यायच्या."

ती वाकली. मी पाय मागे घेतले नाहीत.