वेस बांधलेला दिवस

परळच्या मागे आमचं गावठाण होतं. आता शोधायला जाऊ नका, टॉवरखाली गेलं. होतं तरी केवढंसं! थोडी कौलारू घरं, एक विहीर, गावदेवीचं देऊळ आणि त्याला लागून दगडी पार. आजोबांच्या वेळी तिथे भाताची खाचरं होती म्हणे. मग गिरण्या आल्या, खाचरं गेली आणि आमची माणसं भोंग्यावर उठू-झोपू लागली. दिवसा गावात बायका, म्हातारे आणि कोंबड्या. पुरुष झोपायला तेवढे घरी यायचे. आई वैतागून म्हणायची, "गाव कसलं मेलं, धर्मशाळा आहे नुसती."

वर्षातून एकदा मात्र गाव व्हायचं. पावसाळ्याआधी वेस बांधायचे. रस्त्याच्या तोंडाशी हळदीची दोरी बांधली की आरतीपर्यंत कुणी गाव सोडायचं नाही, चूल पेटवायची नाही. म्हणजे रोगराई बाहेर राहते. पण हे गिरणीला कोण सांगणार? खाडा झाला तर मुकादम ऐकतो होय! म्हणून जुन्या माणसांनी तोड काढली होती. ज्याला कामावर जायचं त्याने आपली टोपी देवीच्या पारावर ठेवून जायचं. टोपी गावात, म्हणजे माणूस गावात. आल्यावर ज्याची त्याने उचलायची, दुसऱ्याने हात लावायचा नाही. शेवटची टोपी उचलली की आरती, मग दोरी सोडायची. तोवर सगळ्यांनी उपाशी थांबायचं. एखाद्याला उशीर झाला की त्याला शिव्या घालायचे, पण थांबायचे.

संयुक्त महाराष्ट्राचा जोर होता ते वर्ष. सांगायचाही शीण येतो आता. माझा थोरला भाऊ टोपी ठेवून पहिल्या पाळीला गेला. पाळी सुटल्यावर तो परस्पर मोर्चाला गेल्याचं शेजाऱ्याने येऊन सांगितलं. मागोमाग बातमी आली की तिथे लाठ्या चालल्या, गोळ्याही झाडल्या. एकेकाने येऊन टोप्या उचलल्या. दादाची तेवढी राहिली.

आई दोरीपाशी जाऊन बसली, मी तिच्याजवळ. दिवेलागण झाली, लेकरं भुकेने रडू लागली. गावचे पाटील आले. भला माणूस. खाली मान घालून म्हणाले, "वहिनी, पोरांचे हाल बघवत नाहीत. आरती उरकून घेऊ का?"

"भावजी, माझा अजून बाहेर आहे हो," आई म्हणाली.

ते परत गेले. थोड्या वेळाने एका घरातून धूर निघाला. मग दुसऱ्या घरातून. एका बाईने आमच्यापुढे पेज आणून ठेवली. आईने पेजेला हात लावला नाही.

सकाळी पहिल्या पाळीचा भोंगा झाला. दोरी तशीच होती. माणसं पारावर टोप्या न ठेवताच डबे घेऊन आली आणि आईकडे न बघता, वाकून दोरीखालून गेली. एकाने तर मागच्यासाठी ती वर धरली. मला असा संताप आला की वाटलं, धोंडा घालावा एकेकाच्या डोक्यात! त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. एका माणसासाठी घरं किती वेळ उपाशी राहणार? हे मला आज कळतं. पटत मात्र अजूनही नाही.

दादाला पोलिसांनी धरलं होतं. तो सुटून आला तेव्हा दाढी वाढलेली, एका पायाने लंगडत होता. सगळं गाव लोटलं. बायकांनी ओवाळलं, त्याने पारावरची टोपी उचलली, पाटलांनी वाळून गेलेली दोरी सोडली. माणसं त्याच्यामागे आमच्या दारापर्यंत आली.

दादा जेवायला बसला. दोन घास खाऊन म्हणाला, "आई, आत असताना बाकी कशाचं काही वाटलं नाही बघ. माझ्यापायी लेकराबाळांसकट गाव उपाशी बसलं असेल, एवढंच मनात यायचं. आणि त्याचाच धीर वाटायचा. थांबले होते ना गं सगळे?"

दारात तीच माणसं उभी होती. आई भात वाढत होती. तिचा हात थांबलासुद्धा नाही.

"थांबले होते तर," ती म्हणाली. "एकाही घरात चूल पेटली नाही रे."

दारातली माणसं एकेक करून निघून गेली. पुढच्या वर्षी वेस बांधायला कुणी पुढे आलं नाही.