विषाची कादंबरी

साठ सालच्या आसपास राजाजीनगरातल्या आमच्या मराठी वाचनालयाचे ग्रंथपाल रहस्यकथा देण्याआधी डॉक्टरसारखी चौकशी करायचे. पुस्तकातले खून वाचून लोक खरे खून करतात, असं त्यांनी पेपरात वाचलं होतं. मला म्हणायचे, "माणसाकडे राग भरपूर असतो, अण्णा. युक्ती नसते. ती हे लेखक पुरवतात." त्यामुळे ज्याच्या परसात विहीर, त्याला बुडवून मारल्याची कादंबरी मिळायची नाही. माडीवर राहणाऱ्यांना गच्चीवरून ढकलल्याची वर्ज्य.

माझ्या सासूबाई राहायला आल्या तेव्हा मी नेमकी विषप्रयोगाची कादंबरी मागितली. "स्वल्प थांबा," असं कानडी वळणानं म्हणत ग्रंथपालांनी ती कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. "त्या गावी गेल्या की या."

पुढच्या रविवारी तीच कादंबरी आमच्या घरात, बायकोच्या हातात. मी तडक वाचनालय गाठलं. "मला नाही, मग तिला कशी दिलीत?"

ते शांतपणे चष्मा पुसत म्हणाले, "वहिनी इतकी वर्षं तुम्हाला जेवायला वाढतायत. त्यांच्या मनात असतं, तर पुस्तकासाठी थांबल्या असत्या का?"

त्या दुपारी आमटी अळणी होती. मी दोनदा मागून घेतली.